देखरेख चालू आहे

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, कंटाळा. पण एक वाद डोक्यात अडकून बसलाय आणि तो उतरवून काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही, म्हणून आज बसलेच. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन वाचायला बसा.

वाद झाला तो भाच्याशी. (माहेरची मंडळी हे वाचतात म्हणून आधीच सांगते, त्याला विचारून लिहितेय. "आत्या, फक्त नाव घालू नकोस, बाकी काय हवं ते लिही," अशी रीतसर परवानगी आहे.) जानेवारी २०२५ मधला रविवार होता. त्याने येताना तिसऱ्या आणल्या होत्या. मी विळीवर बसून एकेक उघडत होते, तो नारळ खवत होता, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर ग्रीनलंड चाललं होतं. अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांना ते बेट हवंय, त्याच्या पोटात कुठकुठली खनिजं आहेत, वगैरे. मी सहज म्हटलं, "आता तिथेही खणणार. गेला तो समुद्र."

त्यावर भाचा म्हणाला, "आत्या, पूर्वीसारखं नाही राहिलं गं. आता खाणीच्या आजूबाजूचे शिंपले तपासतात. पाण्यात शिसं, जस्त, कॅडमियम किती मिसळतंय ते सगळं कळतं. देखरेख चालू असते."

भाचा पर्यावरणाचे अहवाल लिहिणाऱ्या एका कंपनीत आहे, म्हणजे तो काही अडाण्यासारखं बोलत नव्हता. पण 'देखरेख चालू असते' हे तीन शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. सव्वीस वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत खाण्याच्या वस्तूंमधले जड धातू मोजले. हळद, मासे, चहा, लहान मुलांचं खाणं, काय वाट्टेल ते. आकडा कसा निघतो ते मला ठाऊक आहे, आणि निघाल्यावर त्याचं काय होतं तेही. एकदा एका मसालेवाल्याच्या हळदीत शिसं मर्यादेच्या बरंच वर निघालं. आम्ही दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, अहवाल दिला. त्या गृहस्थांनी आभार मानले, पैसे चुकते केले आणि पुढचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. त्यांच्याही दृष्टीने तपासणी चालूच होती की!

तर मुद्दा ध्रुवाजवळच्या समुद्राचा आणि शिंपल्यांचा. आधी शिंपलाच का, ते सांगते, कारण भाच्याचं निम्मं म्हणणं बरोबर आहे आणि ते नाकारायचं नाहीये.

समुद्राच्या पाण्यात शिसं मोजणं महाकर्मकठीण. ते असतं इतकं कमी की बाटलीचं, हातमोज्यांचं, बोटीच्या रंगाचं शिसं त्यात मिसळलं तरी आकडा कुठल्या कुठे जातो. (आमच्याकडे एकदा छताच्या रंगाचा पोपडा पडून अख्खी बॅच फुकट गेली होती. दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं.) क्लेअर पॅटरसन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता. पृथ्वीचं वय त्याने १९५६ मध्ये नीट काढून दाखवलं. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाचे थर कापून, माणसाने हवेत सोडलेलं शिसं उत्तर ध्रुवाकडे कसं पोचलंय, हेही त्यानेच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलं. समुद्रातल्या शिशाचे जुने बरेचसे आकडे हे नमुना घेणाऱ्यांच्या स्वतःच्या घाणीचे होते, हे जगाच्या गळी उतरवायला त्याला फार झगडावं लागलं. शिवाय पाण्याची बाटली त्या एका क्षणापुरतं बोलते. सकाळी भरली तर सकाळचं, ओहोटीला भरली तर ओहोटीचं.

शिंपला जागचा हलत नाही. खडकाला चिकटून किंवा वाळूत रुतून तासामागून तास पाणी आत घेतो, गाळतो, सोडतो. पाण्यातलं शिसं, कॅडमियम, तांबं त्याच्या अंगात साठत जातं, आणि पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त साठतं, त्यामुळे मोजायला सोपं. पाण्यात धातू किती आहे यापेक्षा त्यातला किती जिवाच्या अंगात शिरतोय हे तो सांगतो, आणि खरी काळजी त्याचीच असते. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये ही कल्पना जगभर राबवावी म्हणून मांडली, पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यांवर ती सुरूही झाली. निळा शिंपला, म्हणजे आपल्या शिनाण्यांचा थंड पाण्यातला भाऊबंद, यात सगळ्यात जास्त वापरला गेला. आर्क्टिकच्या बऱ्याच किनाऱ्यांवर तो मिळतो. तेव्हा साधन उत्तम, याबद्दल वाद नाही.

आता मार्मोरिलिकची गोष्ट. भाच्याला मी तीच सांगितली.

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, उमानाकच्या बाजूला, मार्मोरिलिक म्हणून जागा आहे. तिथे फियॉर्डच्या पलीकडे सरळ उभा कडा आहे आणि त्या फिकट संगमरवरी कड्यावर काळ्या दगडाची एक आकृती दिसते, पंख पसरलेल्या देवदूतासारखी. म्हणून खाणीचं नाव 'ब्लॅक एंजल'. १९७३ मध्ये तिथे शिसं आणि जस्त काढायला सुरुवात झाली. खाण कड्याच्या पोटात, उंचावर. खनिज तारेवरून फियॉर्ड ओलांडून अलीकडच्या कारखान्यात यायचं. तिथे दळून धातूचा भाग वेगळा काढायचा आणि उरलेला बारीक चोथा आफार्लिकासा नावाच्या लहानशा फियॉर्डच्या तळाशी सोडून द्यायचा. या फियॉर्डच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठा आहे, तेव्हा चोथा तळाशी निवांत बसून राहील आणि त्यातला धातू खाऱ्या पाण्यात विरघळणार नाही, असा हिशोब होता.

तो विरघळला. आणि हे कळायला वीस वर्षं लागली नाहीत, खाण सुरू झाली तसं लगेचच कळलं. हिवाळ्यात पृष्ठभागाचं पाणी गोठतं, त्यातलं मीठ खाली उतरतं, पाणी वरखाली ढवळलं जातं, आणि उंबरठा वगैरे सगळा कागदावर राहतो. खडकांवरच्या शेवाळात आणि निळ्या शिंपल्यांत शिसं नि जस्त वाढलेलं दिसायला लागलं. कड्याच्या उतारावर टाकलेल्या टाकाऊ दगडांतून निघणारं वेगळं, कारखान्याच्या धुळीतून येणारं वेगळं. ओहोटीला शास्त्रज्ञ जाऊन ठरलेल्या ठिकाणचे शिंपले गोळा करत, आकाराप्रमाणे वेगळे करत, मोजत. वर्षानुवर्षं. अहवाल छापून येत. कोणी काही लपवलं नाही. खाणवाल्यांनी काही उपाययोजनाही केल्या, पाण्यात जाणारं शिसं त्याने कमी झालं, पण थांबलं नाही.

आणि खाण बंद कधी झाली? १९९० मध्ये. खनिज संपत आलं म्हणून. शिंपले काय सांगताहेत म्हणून नव्हे! सतरा वर्षं ते बिचारे एकच गोष्ट सांगत होते आणि सतरा वर्षं त्यांचं म्हणणं काळजीपूर्वक लिहून घेतलं जात होतं.

या सगळ्यातून तिथल्या माणसांच्या पदरात काय पडलं? एक सल्ला. या भागातले शिंपले खाऊ नका. बस्स. म्हणजे घाण करणाऱ्याने काम चालू ठेवायचं आणि जेवणाऱ्याने ताटातला पदार्थ काढून ठेवायचा. मी वेंगुर्ल्याची आहे. ओहोटीला खडपावर जाऊन कालवं काढणं म्हणजे काय असतं ते मला कोणी सांगायला नको. ते नुसतं पोट भरणं नसतं. आजी, काकू, पोरं, कोयती, टोपली, त्या दोन तासांतल्या गप्पा आणि घरी परतताना टोपलीतून गळणारं पाणी. 'खाऊ नका' एवढं सांगून यातलं किती काढून घेतलं जातं, ते कुठल्या तक्त्यात मांडायचं?

खाण बंद झाल्यावर लगेच सगळं स्वच्छ झालं असेल, असंही नाही. २००९ मध्ये मोजलं तेव्हाही, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, तिथल्या शिंपल्यांत शिसं नेहमीपेक्षा जास्तच होतं. तिथे एक प्रयोगही झाला होता, फार बोलका. स्वच्छ जागचे शिंपले आणून घाण पाण्यात ठेवले आणि घाण पाण्यातले उचलून स्वच्छ जागी नेले. शिसं चढलं ते चढलं, पण उतरायला फार वेळ लागला. थंड पाण्यात सगळंच सावकाश. म्हणजे आज मोजलेल्या शिंपल्यात आजचं पाणी असतं तसंच मागच्या काही वर्षांचंही असतं. हे लक्षात न घेता आकडा वाचला तर दोन्ही बाजूंनी फसायला होतं.

आणि मार्मोरिलिक तर त्यातल्या त्यात बरं, तिथे निदान सुरुवातीपासून मोजणारं कोणी होतं. ग्रीनलंडच्या दक्षिणेला इविटूटची क्रायोलाइटची खाण १८५४ मध्ये सुरू झाली आणि १९८७ पर्यंत चालली. ॲल्युमिनियम काढायला लागायचं ते खनिज. तिथला टाकाऊ दगड किनाऱ्यावर भराव म्हणून टाकला होता, त्यात शिशाचं खनिज, आणि रोजची भरती-ओहोटी ते धुऊन नेणार. शिंपले मोजायला माणसं तिथे पोचली ती खाणीला शंभरावर वर्षं होऊन गेल्यावर. मग मूळचं पाणी कसं होतं हे सांगणार कोण? शेजारच्या फियॉर्डचे शिंपले आणून अंदाज करायचा. रक्तदाब आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात भरती झाल्यावर मोजायचा, तसं.

इथे भाचा म्हणाला, "पण आत्या, तेव्हाचा काळ वेगळा होता. आता खाण सुरू व्हायच्या आधी काही वर्षांच्या नोंदी मागतात तिथे." खरं आहे. ग्रीनलंडच्या सरकारने त्या अनुभवातून नियम कडक केले, आणि मार्मोरिलिकच्या शिंपल्यांचं हे श्रेय मी मोकळ्या मनाने देते. पण माझा प्रश्न नोंदींचा नाहीच. नोंद झाल्यावर काय, हा आहे. किती आकडा आला की काम थांबेल? तो आकडा परवान्यात लिहिलाय का? थांबवण्याचा अधिकार कोणाला? शिंपले गोळा करणाऱ्याचा पगार कोण देतं?

शेवटचा प्रश्न मी उगाच विचारत नाही. मंडळी, सव्वीस वर्षांच्या अनुभवावर सांगते, एकही आकडा खोटा न लिहिता मी तुम्हाला शिंपल्यांचा हवा तसा अहवाल देऊ शकते. आकारावर धातूचं प्रमाण बदलतं, तेव्हा या वर्षी जरा वेगळ्या आकाराचे घ्यायचे. उन्हाळ्यात खाऊनपिऊन शिंपला गुबगुबीत होतो, म्हणजे तेवढाच धातू जास्त मांसात पसरतो आणि दर किलोमागचा आकडा खाली येतो. लांबलचक ध्रुवीय हिवाळ्यात उपाशी राहून तो वाळतो, आकडा वर जातो. तेव्हा बोट कधी न्यायची ते ठरवायचं. मोजण्याआधी पोटातली माती निघून जावी म्हणून त्यांना स्वच्छ पाण्यात ठेवतात, तेही कमीजास्त करता येतं. एक ठिकाण चारशे मीटर बाहेर सरकवायचं. शेवटी सगळ्या ठिकाणांची सरासरी काढायची, म्हणजे कारखान्याच्या पायाशी असलेला शिंपला दहा किलोमीटरवरच्या शिंपल्यांच्या गर्दीत हरवून जाईल. प्रत्येक गोष्ट नियमात बसवता येते. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर, देखरेख चालू आहे.

अंटार्क्टिकात हे आणखी अवघड, कारण तिथे निळे शिंपले जवळजवळ नाहीतच. किनाऱ्याचे खडक बर्फ दरवर्षी खरवडून काढतं, चिकटून राहणार कुठे? मग तिथे लॅटर्न्युला नावाची मऊ कवचाची शिंपली वापरतात. चिखलात अर्धा-अर्धा मीटर खोल रुतून बसते आणि लांब नळी वर काढून पाणी गाळते, तीसेक वर्षं सहज जगते. किंवा पंख्याच्या आकाराचा ॲडाम्युसियम हा स्कॅलप. इटलीच्या तळाजवळ टेरा नोव्हा उपसागरात त्याचा पुष्कळ अभ्यास झालाय. आणि त्याच्या पचनग्रंथीत काय सापडलं? कॅडमियम, कोरड्या वजनाच्या किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्याही वर! युरोपात खाण्याच्या शिंपल्यासाठी मर्यादा आहे ओल्या वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅम. ओलं-कोरडं, अख्खा शिंपला नि एकच अवयव, हा सगळा फरक धरला तरी आकडा डोळे पांढरे करणारा आहे.

आणि हे प्रदूषण नाही. खोल समुद्रातलं कॅडमियमने भरलेलं पाणी तिथे वर येतं, थोड्या दिवसांच्या उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पती त्यावर फोफावतात, शिंपला त्या खातो. हजारो वर्षं असंच चाललंय.

हा आकडा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात आणि मला दोघांचाही सारखाच राग येतो. एक जण ओरडतो की बघा, अंटार्क्टिकसुद्धा विषारी झालं. त्याने अर्धंच वाचलेलं असतं. दुसरा हसून म्हणतो, ध्रुवाकडे धातू निसर्गतःच जास्त असतात हो, आमच्या नावाने कशाला खडे फोडता. हा दुसरा जास्त वाईट, कारण तो अर्धं सत्य पूर्ण समजून-उमजून बोलतो. कॅडमियम नैसर्गिक असेल, पण त्याच्या आडून शिसं आणि तांबं कसं काय नैसर्गिक होतं? यासाठीच तर त्याच जागेचा, त्याच जातीचा, आधीचा आकडा हातात असावा लागतो. तो नसेल तर या दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

केसी हा ऑस्ट्रेलियाचा तळ. तिथे थाला व्हॅलीत तळाचा उकिरडा होता, वर्षानुवर्षांचा. बॅटऱ्या, पत्रे, यंत्रांचे सांगाडे. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की पाणी त्या उकिरड्यातून वाहत खालच्या ब्राऊन बे नावाच्या लहान उपसागरात जायचं. लॅटर्न्युला आणि इतर काही प्राणी तपासून २००२ मध्ये एक अभ्यास छापून आला, उकिरड्यातले धातू समोरच्या जिवांत पोचताहेत म्हणून. तळाच्या चिखलावरचं कामही चालूच होतं. २००३-०४ च्या मोसमात तो उकिरडा उचलला आणि जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला परत नेला. सगळी घाण गेली असं मी म्हणत नाही, समुद्राच्या तळाचा चिखल कोणी उचलत नाही. पण तिथे शिंपलीने सांगितलं आणि माणसं कामाला लागली. याचं कारण काय, तर १९९१ चा माद्रिद करार. जुना कचरा ज्याने टाकला त्याने उचलावा, असं त्यात लिहिलेलं आहे. उचलण्याने जास्त नुकसान होणार असेल तेवढा अपवाद. म्हणजे आकड्याच्या पलीकडे एक बंधन आधीच उभं होतं. मार्मोरिलिकला ते नव्हतं. शास्त्र दोन्हीकडे तेच.

"कोण खातं अंटार्क्टिकातल्या शिंपल्या?" हा प्रश्न आमच्या यजमानांचा, ताटावरून. माणूस खात नाही, कबूल. पण उत्तरेकडे खातो, आणि नुसता माणूस नाही. वालरस तर जगतोच शिंपल्यांवर, आयडर बदकं निळे शिंपले अख्खे गिळतात, आणि तिथले लोक वालरसही खातात नि बदकंही. शिकार केलेल्या वालरसच्या पोटातले शिंपले काढून खाणं ही काही ठिकाणी मेजवानी समजतात. (हे ऐकून भाच्याने वाटी बाजूला ठेवली होती. दोन मिनिटांनी परत घेतली. :) )

अर्थात सगळं शिंपल्यांनाच विचारावं असंही नाही. पाऱ्याचं उदाहरण घ्या. तो एका जिवातून दुसऱ्यात जाताना वाढत जातो, त्यामुळे उत्तरेकडची पाऱ्याची खरी गोष्ट सील आणि अस्वलांच्या अंगात सापडते, शिंपल्यात नाही. शिंपला स्वच्छ निघाला म्हणून पाऱ्याची चिंता मिटली म्हणणारा एखादा अहवाल दिसला तर तो सरळ बाजूला ठेवा.

हे सगळं फार लांबचं आहे, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर जरा थांबा. गोव्याला जाता ना? वास्कोच्या सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या सगळ्या ध्रुवीय मोहिमांचा कारभार तिथून चालतो. 'मैत्री' १९८९ पासूनची, पण ती समुद्रापासून आत, खडकाळ भागात. 'भारती' मात्र २०१२ पासून लार्समन टेकड्यांत अगदी समुद्राकाठी उभी आहे, रशियाचा 'प्रोग्रेस' आणि चीनचा 'झोंगशान' हे तळ त्याच टेकड्यांत. उत्तरेला स्वालबार्डमध्ये 'हिमाद्री' आहे, २००८ पासून, जुन्या कोळशाच्या खाणीच्या गावात. म्हणजे डिझेल, जहाजं, रंग, सांडपाणी हे सगळं आपल्याही नावावर तिथे जातं. आपल्याकडे २०२२ चा अंटार्क्टिक कायदाही आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या खाणींना नावं ठेवायची तर पहिला नियम स्वतःला लावायला हवा. 'भारती'समोरच्या चिखलातल्या शिंपल्यांत शिसं नि तांबं किती, हा आकडा दरवर्षी, कुठल्याही शाळेतल्या पोराला उघडून बघता येईल असा सगळ्यांपुढे ठेवला जावा. त्याच्या शेजारी तळ उभा राहण्याआधीचा आकडा. आणि त्याच्या खाली एक ओळ, इतक्याच्या वर गेलं तर आम्ही अमुक करू. मला बाकी काही नको.

शास्त्रज्ञांवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगते, कारण मागच्या वेळी एका लेखावर तसा गैरसमज झाला होता. उणे तापमानात हात पाण्यात घालून शिंपले काढायचे, एकेक मोजपट्टीवर ठेवायचा, गोठवायचा, हजारो मैल न्यायचा, आम्लात विरघळवायचा आणि शेवटी एक आकडा लिहायचा, यात किती जीव ओतावा लागतो ते मी निम्म्याने तरी ओळखते. मला संताप येतो तो त्या कष्टांचा उशीसारखा उपयोग होतो म्हणून. खाणीचा विषय निघाला की कोणीतरी 'शिंपले तपासतोय' म्हणतं, आणि सगळे त्यावर डोकं टेकून झोपतात. तपासणी हे घाण करायचं परवानापत्र असल्यासारखं वागवलं जातं. ग्रीनलंडच्या खनिजांवर आता ज्यांचे ज्यांचे डोळे आहेत त्यातला प्रत्येक जण हे तीन शब्द म्हणणार आहे, आणि ते खरेही असणार आहेत, यातच मेख आहे.

भाचा त्या दिवशी फार बोलला नाही. तिसऱ्यांचं सुकं संपलं, मागून सोलकढी झाली. जाताना चपला घालता घालता मी त्याला म्हटलं, "तू सध्या लिहितोयस ना एक अहवाल, त्या बंदराचा? त्यात देखरेखीचं प्रकरण असेलच."

"असतं की. चाळीस पानं."

"त्यात कितवर आकडा गेला की काम थांबवायचं, ते कुठल्या पानावर आहे?"

"आत्या, बघून सांगतो," म्हणाला.

आठवड्याने फोन आला. इकडचं तिकडचं झालं, वहिनीच्या गुडघ्यांचं झालं, आंब्याचा मोहोर कसा आहे ते झालं. मग तोच म्हणाला, चाळीस पानं दोनदा चाळली, नाही सापडलं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, तसं लिहायची पद्धत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी एक ओळ घातलीये. साहेब खोडतात का ते बघायचं."

अजून कळलेलं नाही. कळलं की इथे लिहीनच.